केप फुटते पण बार होत नाही: ठासणीच्या बंदुकीची निप्पल कशी साफ करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात आजोबांपासून चालत आलेली पीकरक्षणाची ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू आणि छरे ठासून भरायची) आहे, लायसन्स आता वडिलांच्या नावावर आहे. नळीच्या बुडाशी भोक असलेली छोटी खुंटी असते ती निप्पल, आणि तिच्यावर बसवायची स्फोटकाची बारकी टोपी ती केप. केप फुटते, पण दोन-तीनदा घोडा पाडल्याशिवाय बार होत नाही. यूट्यूबवर परदेशातले लोक रायफलच्या पितळी काडतुसाच्या बुडातला प्रायमरचा (आतली दारू पेटवणाऱ्या बारक्या टोपीचा) खळगा बारीक ब्रशने आणि कसल्याशा औषधाने साफ करतात, ते तुम्ही पाहिलंत. तोच ब्रश आणि तेच औषध आपल्या निप्पलला चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी खानापूर तालुक्यातला, जांबोटी भागातला शेतकरी. भातात दाणा भरायला लागला की रानडुकरं आणि गवे रात्री उतरतात, माळ्यावर राखणीला बसावं लागतं, आणि आमच्याही घरात अशीच एक बंदूक आहे. त्या अनुभवावरून सांगतो: ब्रश चालेल, ते औषध नको. तुमच्या बंदुकीला आधी पाणी लागतं, तेल सगळ्यात शेवटी. आमच्या भागात बहुतेक घरांत उलटं चालतं. बार काढून आलं की रॉकेलची नाहीतर डिझेलची चिंधी नळीतून फिरवायची आणि बंदूक खुंटीला अडकवायची. बाहेरून ती चकचकीत दिसते, आतून मात्र गंज खात जातो.

व्हिडिओतलं काम वेगळं का, ते आधी सांगतो. रायफलच्या काडतुसात बिनधुराची दारू असते. प्रायमर फुटल्यावर खळग्यात शिसं, बेरियम, अँटिमनी यांची कोरडी, कडक राख बसते. मोठ्या रायफल प्रायमरचा व्यास साधारण ५.३ मिलिमीटर, आणि खळगा सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास खोल. एवढ्याशा जागेत राखेचा थर साचला तर नवा प्रायमर तळाला टेकत नाही, किंचित वर राहतो, आणि फायरिंग पिनचा पहिला फटका त्याला आत ढकलण्यातच वाया जातो. म्हणून ते लोक खळगा खरवडतात. त्यांची काळजी प्रायमर नीट बसण्याची आहे, गंजाची फारशी नाही. आपल्याकडे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, तेव्हा काडतुसांचा विषय इथेच सोडू.

आपली दारू काळी: सोरा, कोळसा, गंधक. ती जळते तेव्हा निम्म्याहून जास्त भागाचा वायू होतच नाही, तो घनरूपातच राहतो. त्यातला काही धुरातून बाहेर जातो, उरलेला नळीत आणि निप्पलकडून नळीत जाणाऱ्या वाटेत चिकटतो. या घाणीत काजळी आणि गंधक असतं, पण मुख्यतः ते पोटॅशियमचे क्षार असतात: कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. यातलं कार्बोनेट हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसंच नळीच्या बुडाशी होतं, आणि ते खारं पाणी लोखंडावर रात्रंदिवस बसून राहतं. कणकुंबी-जांबोटीच्या हवेत एक रात्रसुद्धा पुरते. क्षार पाण्यात विरघळतो, रॉकेलमध्ये नाही. रॉकेलची चिंधी काजळी पुसून काढते, क्षार मात्र तेलाच्या थराखाली जिथल्या तिथे राहतो.

निप्पलची गत याहून वाईट. जुन्या पद्धतीच्या केपांत पोटॅशियम क्लोरेट असतं, आणि ते फुटल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं. हा क्षार आपल्या खाण्याच्या मिठाचा सख्खा भाऊ. माझे चुलते मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झाले. थ्री-नॉट-थ्री या जुन्या लष्करी रायफलच्या काडतुसांच्या प्रायमरमध्येही हेच क्लोरेट असायचं, म्हणून फायरिंगनंतर नळीत आधी फनेलने उकळतं पाणी ओतायचं, मग चिंदी, मग तेल, ही पलटणीतली जुनी रीत आम्हाला त्यांनीच सांगितली. रायफलच्या नळीला पाणी दाखवायला पलटण घाबरत नव्हती, तर आपण का घाबरावं?

आता कृतीकडे. पहिलं काम, बंदूक भरलेली आहे का ते बघणं. घरात कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं की रिकामी आहे, तरी बघायचंच. निप्पलवर केप नाही ना, ते पाहा. नंतर नळी रिकामी असल्याची पूर्ण खात्री असेल अशा एखाद्या वेळी गज (दारू ठासायची लांब सळई) बुडापर्यंत सोडून तोंडाशी त्याच्यावर कायमची खूण करून ठेवा. पुढे दरवेळी गज सोडला की ती खूण तोंडाशी आली पाहिजे. गज चार बोटं वर राहिला तर आत बार आहे. तोंड किंवा डोळा नळीच्या तोंडावर कधीही न्यायचा नाही, फुंकर मारायलासुद्धा नाही. आणि चुलीजवळ किंवा विस्तवाजवळ हे काम करायचं नाही. कित्येक घरांत बंदूक कोरडी राहावी म्हणून चुलीवरच्या भिंतीला टांगलेली असते. ती जागा आधी बदला.

धुण्यासाठी कोमट पाणी घ्या, त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. उकळतं पाणी ओतलं की नळी तापून लवकर वाळते हे खरं, पण तेल लावेपर्यंत कधीकधी तांबूस गंजाची पातळ झाक येते, म्हणून मला कोमटच पसंत आहे. नळी दस्त्यापासून सुटत असेल तर काम सोपं. पण आपल्याकडच्या बऱ्याच बंदुकांची नळी कड्यांनी पक्की बसवलेली असते, ती उगाच सोडवू नका. सलाईनची नवी प्लास्टिक नळी निप्पलवर घट्ट बसते का बघा. तिचं दुसरं टोक पाण्याच्या बादलीत सोडा. दस्त्याला पाणी लागू नये म्हणून निप्पलभोवती जुनं फडकं गुंडाळा. गजाच्या टोकाला जुन्या धोतराची ओली चिंधी अशी गुंडाळा की ती नळीत दाटून बसेल पण अडकणार नाही. आता गज वर ओढला की बादलीतलं पाणी निप्पलमधून आत येतं, खाली दाबला की काळंकुट्ट होऊन त्याच वाटेने बाहेर जातं. म्हणजे प्रत्येक दाबाला निप्पलचं भोक आणि आतली वाट दोन्ही धुतली जातात. तुमची तक्रार त्याच वाटेची आहे.

पाणी आत गेल्याबरोबर कुजलेल्या अंड्यासारखा वास येईल. तो सल्फाइडचा, घाबरू नका. वास येतोय म्हणजे घाण सुटतेय. पाणी बदलत राहा, ते स्वच्छ निघेपर्यंत थांबू नका. हे पाणी विहिरीजवळ किंवा गुरांच्या दोणीत जाऊ देऊ नका. छऱ्यांचं शिसं नळीला घासलेलं असतं, तेही त्यात उतरतं. हात साबणाने धुवा, आणि काम संपेपर्यंत तंबाखू मळू नका.

एवढं करूनही पाणी निप्पलमधून जोरात येत नसेल तर निप्पल काढावी लागेल. तिच्या बुडाला चपट्या किंवा चौकोनी कडा असतात, त्यांवर बरोबर बसणारा पानाच वापरा. पक्कड लावली की कडा गोल होतात आणि मग ती निप्पल कुणालाच निघत नाही. जाम असेल तर मुळाशी तेल सोडून रात्रभर ठेवा, ठोकू नका. निघाली की कोमट पाण्यात भिजवा, आणि तुम्ही पाहिलेला तो बारीक ब्रश इथे वापरा: आट्यांवर, बुडाच्या रुंद तोंडात, आणि नळीतल्या निप्पलच्या घरात. निप्पलच्या टोकाचं भोक एक मिलिमीटरहूनही बारीक असतं. त्यात पितळेची किंवा तांब्याची तार घाला. पोलादी सुई किंवा दाभण नको. ती आत मोडते, नाहीतर भोक मोठं करते. मोठ्या झालेल्या भोकातून बार होताना वायू मागे येतो, घोडा उचलला जातो, केपेचे तुकडे तोंडाकडे उडतात. भोक आधीच झिजून मोठं झालं असेल तर साफसफाईने ते बरं होत नाही, निप्पल बदलावीच लागते.

काही बंदुकांत नळीच्या बुडाशी दारूची जागा नळीपेक्षा अरुंद केलेली असते. तिथे नेहमीची चिंधी पोचतच नाही. गजाच्या टोकाला छोटी चिंधी गुंडाळून ती जागा वेगळी पुसा. दोन-तीनदा घोडा पाडल्यावर मग बार होणं, हे बहुतेक वेळा इथल्या साचलेल्या घाणीचंच लक्षण असतं: पहिल्या केपांची आग वाटेतच विझते, पण थोडी घाण उडवते, आणि पुढच्या केपेची आग दारूपर्यंत पोचते.

धुऊन झालं की कोरड्या चिंध्या फिरवायच्या, शेवटची पांढरी आणि कोरडी निघेपर्यंत. मग तेल. खोबरेल हाताशी असतं, पण ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि आपल्याकडे हिवाळ्यात बाटलीत ते कसं होतं हे सांगायला नको. बारीक वाटेत थिजलेलं तेल म्हणजे पुन्हा तोच अडथळा. करडई आणि जवसाचं तेल तर मुळीच नको, ती हवेत सुकून चिकट पापुद्रा धरतात. शिवणयंत्राचं पातळ तेल चांगलं, पण अगदी पुसट लावायचं. निप्पल परत बसवताना आट्यांना किंचित तेल किंवा ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी सहज निघेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडी चिंधी एकदा फिरवा. तांबूस डाग आला तर क्षार राहिलाय, पुन्हा पाणी घ्या. वरून आणखी तेल ओतून काही होत नाही. चार-पाच दिवसांनी पुन्हा एकदा बघा. भाताच्या हंगामात आम्ही हे कितीही झोप आली तरी त्याच रात्री करतो, कारण आमच्या हवेत गंज धरायला एक रात्रसुद्धा पुरते.

आता तेल लावलेली बंदूक तशीच भरली तर पुन्हा बार होणार नाही, कारण वाटेतलं तेल दारू भिजवतं. म्हणून भरण्याआधी नळी कोरडी पुसा, निप्पलमध्ये तार फिरवा, आणि रिकाम्या बंदुकीवर एक केप फोडून बघा. नळीचं तोंड जमिनीकडे, गवताच्या एखाद्या पात्यापासून वीतभर अंतरावर धरा, आसपास कुणी नको. पातं हललं तर वाट मोकळी आहे. नाही हललं तर भरूच नका.

रानात केप फुटून बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान दोन मिनिटं तशीच उभी ठेवा. कधीकधी दारू आत धुमसत असते आणि बार उशिरा होतो. या वेळात लोक नळीत डोकावतात, तेच जिवावर बेततं. मग नवी केप लावून बघा. तरीही नाही झाला तर गजाने उकरायला जाऊ नका. नळीत पाणी सोडून दारू पूर्ण भिजू द्या आणि बंदूक परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या.

दुरुस्तीबद्दल एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. बेळगावात उद्यमबागेत हजार प्रकारचे बारीक भाग बनतात. तिथल्या कुठल्याही लेथवाल्याला निप्पलचा नमुना दाखवला तर तो तासाभरात हुबेहूब करून देईल. ते करू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदूक किंवा तिचे भाग बनवायला आणि दुरुस्त करायलाही परवाना लागतो, आणि बनवणाऱ्यासकट तुम्ही अडचणीत याल. त्याहून मोठी गोष्ट अशी की साध्या लोखंडाची, आट्या सैल बसलेली निप्पल बार होताना मागे उडते, आणि मागे तुमचा डोळा असतो. लायसन्स पीकरक्षणाचं आहे हेही घरातल्या तरुण मुलांना सांगून ठेवा. गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुकरावरही बार टाकता येत नाही. आमच्याकडे बंदूक काढली जाते ती कळप हुसकावण्यापुरती.

निवडणुका लागल्या की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम येतो, आणि ती तिथे कितीतरी आठवडे पडून राहते. त्यामुळे जमा करण्याच्या आदल्या दिवशी ही सगळी धुलाई करा आणि नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल लावा. नळीच्या तोंडात बोळा कोंबू नका. आत ओल कोंडते, आणि तो बोळा काढायचा राहिला तर पुढचा बार नळी फोडू शकतो. पावतीवर बंदुकीचा नंबर बरोबर लिहिलाय ना, तेवढं ठाण्यातच वाचून घ्या.