पहिल्या फेरीत निवडलेल्या, पण अजून न रुळलेल्या फूटीपटूला नवा करार द्यावा का?

तुम्ही विचारले आहे की, तुमच्या फूटी (ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल) क्लबने ड्राफ्टच्या (क्लब पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत निवडलेला उंच फॉरवर्ड आता एकवीस वर्षांचा आहे, तीन हंगामांत त्याला जेमतेम पंधरा सामने मिळाले आहेत, गोल फारसे झालेले नाहीत, करार संपत आला आहे आणि स्टँडमधले लोक ‘आता पुरे’ म्हणू लागले आहेत. अशा मुलाला आणखी संधी द्यावी का? तुम्ही त्याचे नाव लिहिले नाही हे बरे केले. माझे उत्तर असे आहे की करार द्यावा, आणि तो एका नव्हे तर दोन वर्षांचा द्यावा. त्याची कारणे मला एका जुन्या सामन्यापासून सांगावी लागतील, कारण या बाबतीत माझे मत त्या दिवसापासूनच हळूहळू बदलत गेले.

८ जून २००९ रोजी मी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीला होणारा सामना पाहायला गेलो होतो. मला मेलबर्नला येऊन वर्षही झाले नव्हते. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने तिकीट काढून दिले होते आणि फूटीचे नियम मला अर्धवटच कळत होते. त्या दिवशी मेलबर्न संघाकडून जॅक वॉट्सने पदार्पण केले. २००८च्या ड्राफ्टमधली ती पहिल्या क्रमांकाची निवड. वय अठरा आणि अजून शाळेत बारावीच्या वर्गात. चेंडू पहिल्यांदा हाती येताच प्रतिस्पर्धी कॉलिंगवूड संघाचे दणकट खेळाडू एकदमच त्याच्यावर तुटून पडले आणि तो त्यांच्याखाली दिसेनासा झाला. स्टँडमध्ये हशा उसळला. त्यात मीही हसलो होतो, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

ज्या क्लबने त्याला तिथे उतरवले, त्याची तेव्हाची स्थिती पाहायला हवी. मेलबर्न २००८ साली तक्त्यात तळाला होता आणि २००९ सालीही तळालाच राहिला. तळाच्या संघाला ड्राफ्टमध्ये आधी निवड मिळते, म्हणजे सर्वांत गुणी मुलगा बहुधा सर्वांत विस्कटलेल्या घरात जाऊन पडतो. जुलै २०११ मध्ये जिलॉन्गकडून १८६ गुणांनी हार झाली आणि प्रशिक्षक डीन बेली यांना काढण्यात आले. उरलेला हंगाम टॉड व्हायनी यांनी सांभाळला, मग मार्क नील्ड आले, २०१३च्या मध्यावर त्यांनाही जावे लागले, नील क्रेग यांनी तेवढ्यापुरते काम पाहिले, २०१४ पासून पॉल रूस आणि २०१७ पासून सायमन गुडविन. एका खेळाडूला नऊ हंगामांत सहा प्रशिक्षक मिळाले. कोणी त्याला पुढे खेळवले, कोणी बचावात मागे नेले, कोणी मधल्या फळीत ठेवले. आणि एवढे सगळे होत असताना ‘दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला निक नायतानुई पाहा आणि हा पाहा’ ही तुलना थांबली नाही ती नाहीच. वॉट्सला किती संधी दिल्या हे लोक बोटांवर मोजून सांगत असत; पण त्यांतली सलग, एका जागी, एका माणसाच्या हाताखाली मिळालेली संधी कोणती, हे विचारले तर मोजायला बोटच उरत नसे.

जरा स्थैर्य आल्यावर काय झाले तेही लोकांनी पाहिले. रूस यांच्या काळात, २०१६ मध्ये, तो त्याचा सर्वांत चांगला हंगाम खेळला. २०१७च्या जूनमध्ये त्याच मैदानावर, त्याच कॉलिंगवूडविरुद्ध, राणीच्या वाढदिवसाच्याच सामन्यात अखेरच्या क्षणांत त्याने गोल मारला आणि मेलबर्न चार गुणांनी जिंकला. त्याच वर्षाच्या शेवटी मात्र क्लबने त्याला ड्राफ्टमधल्या ३१व्या निवडीच्या बदल्यात पोर्ट ॲडलेड क्लबला देऊन टाकले. तिथे २०१९च्या सुरुवातीला पाय मोडला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. एकूण सामने १७४. ड्राफ्टमधून आलेल्या बहुसंख्य मुलांना शंभरही मिळत नाहीत, तरी त्याच्या नावापुढे अजून ‘वाया गेलेला’ हा शब्द लावला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो.

याच क्लबमधले दुसरे उदाहरण मॅक्स गॉनचे. २००९च्या ड्राफ्टमध्ये ३४वी निवड, उंची दोन मीटरहून जास्त. गुडघ्याच्या दुखापतींनी त्याची सुरुवातीची वर्षे खाल्ली आणि पहिल्या पाच हंगामांत त्याला संघात पक्की जागा मिळाली नाही. त्या वेळी कोणी तुमच्यासारखाच प्रश्न विचारला असता, तर निम्म्याहून जास्त लोकांनी ‘सोडा त्याला’ असेच सांगितले असते. क्लबने सोडले नाही. २०१६ मध्ये तो ऑल-ऑस्ट्रेलियन (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) संघात आला, २०२० मध्ये कर्णधार झाला आणि २०२१ मध्ये पर्थला झालेल्या अंतिम सामन्यानंतर ५७ वर्षांनी मेलबर्नकडे आलेला चषक त्याने उचलला. गॉनवर पहिल्या निवडीचे ओझे नव्हते, चुकला तरी मथळे होत नसत, आणि म्हणूनच त्याला शांतपणे वाढता आले, असे मला वाटते.

या दोघांचे उदाहरण देण्याचे कारण त्यांची उंची. उंच खेळाडूंना वेळ लागतो, आणि यात मनाचा भाग कमी, शरीराचा जास्त आहे. एकोणीस-वीस वर्षांचा सडपातळ मुलगा ज्याच्या अंगाला अंग लावून उंच चेंडू मार्क करायला (हवेतच झेलायला) उडी घेतो, तो समोरचा बचावपटू बरेचदा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, शंभर किलोच्या आसपासचा आणि शेकडो वेळा हीच झुंज खेळलेला असतो. शिवाय फॉरवर्डचे गोल त्याच्या एकट्याच्या हातात नसतात. मधली फळी हरत असेल, तर चेंडू पुढे येतो तो घाईघाईने, उंच, दोन-तीन बचावपटूंच्या गर्दीत. तिथे अनुभवी माणसाचाही निभाव लागत नाही. म्हणून पंधरा सामन्यांतले गोल मोजून या मुलाबद्दल निर्णय घेणे मला घाईचे वाटते. त्या पंधरांपैकी सलग किती मिळाले, किती वेळा तो एका सामन्यानंतर वगळला गेला, किती वेळा बदली खेळाडू म्हणून शेवटची काही मिनिटे मैदानात आला, हे तुमच्या क्लबने आधी मांडावे.

विरुद्ध बाजूचा मुद्दा खोटा नाही, हे मी मान्य करतो. यादीतल्या जागा मर्यादित असतात, पगाराला कमाल मर्यादा असते, आणि ठेवलेल्या प्रत्येक खेळाडूमागे बाहेर कोणीतरी वाट पाहत असतो. त्या बाजूचे लोक मार्लियन पिकेटचे नाव घेतात: २०१९च्या हंगाममध्य ड्राफ्टमधून वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी रिचमंडने त्याला घेतले आणि त्याने थेट अंतिम सामन्यात पदार्पण केले, जे १९५२ नंतर कोणी केले नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, गुण असेल तर मुलगा राज्य पातळीवरच्या लीगमधून परत येईलच. पण अंतिम सामन्यातले पदार्पण इतक्या दशकांनी एकदा घडते, आणि यादीतून वगळलेली बहुतेक मुले परत येत नाहीत. सॉकरमध्ये एका क्लबने सोडलेला मुलगा खालच्या विभागात किंवा दुसऱ्या देशात जाऊन पोट भरू शकतो. फूटी व्यावसायिक पातळीवर जगात फक्त ऑस्ट्रेलियात खेळली जाते आणि पुरुषांच्या वरच्या लीगमध्ये आज अठराच क्लब आहेत. तिथून बाहेर पडलेल्या एकवीस वर्षांच्या मुलासाठी त्याच दर्जाचे दुसरे दार अस्तित्वातच नाही, आणि ‘सोडून द्या’ म्हणणाऱ्याने एवढे तरी लक्षात ठेवावे.

एक गोष्ट मात्र करारापूर्वी व्हावी. त्या मुलाला स्वतःला काय हवे आहे, हे कोणीतरी बंद दाराआड त्याला विचारावे. टॉम बॉइड २०१३ची पहिली निवड होता. एका हंगामानंतर मोठ्या रकमेच्या सात वर्षांच्या करारावर तो वेस्टर्न बुलडॉग्जकडे गेला, २०१६च्या अंतिम सामन्यात त्याने तीन गोल केले आणि क्लबला १९५४ नंतरचे पहिले विजेतेपद मिळाले. पुढच्याच वर्षी मानसिक आरोग्यासाठी त्याला खेळ थांबवावा लागला, आणि २०१९ मध्ये तेविसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. बाहेरून पाहणाऱ्याला त्याच्याकडे सगळेच होते. तुमच्या खेळाडूला कदाचित महिनाभर विश्रांती हवी असेल, कदाचित गावी परत जायचे असेल, किंवा त्याला एकाच जागी वीस सामने खेळू दिले तर बाकी काहीच नको असेल.

नकार मी एकाच परिस्थितीत देईन: सलग संधी मिळाली, शरीर ठीक आहे, प्रशिक्षक बदललेले नाहीत, आणि तरीही तो चेंडू नसताना धावत नाही. गोल हुकणे वयानुसार कमी होते. चेंडू गमावल्यावर उभे राहून पाहत राहण्याची सवय क्वचितच सुटते.

हे टीव्हीवर दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. म्हणून निर्णय होण्याआधीचे जे रिझर्व्ह (दुय्यम संघाचे) सामने उरले असतील, त्यांतले दोन-तीन तुम्ही मैदानावर जाऊन पाहा. गर्दी कमी असते, कुंपणाला टेकून उभे राहता येते, खेळाडूंचा आवाज ऐकू येतो. चौथ्या क्वार्टरमध्ये, सगळे दमलेले असताना, त्याच्या हातून मार्क सुटला की चेंडू पाहू नका, त्याच्याकडे पाहा: तो किती लवकर उठतो आणि ज्या बचावपटूने चेंडू पळवला त्याच्यामागे किती दूरपर्यंत धावतो.