विचारा तर खरं: संख्याशास्त्रातली प्राध्यापकी

मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय संख्याशास्त्र. पुढे प्राध्यापक व्हायचं म्हणते. पण नेटच्या (प्राध्यापकीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या) विषयांच्या यादीत संख्याशास्त्र सापडतच नाही. – एक पालक, डोंबिवली

सापडणार नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नेटमध्ये हा विषय नाही. संख्याशास्त्राची मुलं सीएसआयआरच्या (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या) नेटला बसतात आणि ‘गणितीय विज्ञान’ हा पेपर देतात. वेळ ३ तास, गुण २००. भाग ‘अ’मध्ये २० पैकी १५ प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी २ गुण. भाग ‘ब’मध्ये ४० पैकी २५, प्रत्येकी ३ गुण, आणि चुकलं की पाऊण गुण कापला जातो. भाग ‘क’मध्ये ६० पैकी २०, प्रत्येकी ४.७५ गुण. इथे चुकल्याबद्दल गुण कापत नाहीत, पण एका प्रश्नाचे दोन-तीन पर्याय बरोबर असू शकतात आणि ते सगळे निवडले तरच गुण मिळतात. अर्धवट बरोबर म्हणजे शून्य.

नावात ‘गणितीय’ आहे म्हणून मुलं ग्रुप थिअरी आणि टोपोलॉजी घेऊन बसतात आणि वर्ष घालवतात. तुमच्या मुलीला अभ्यासक्रमातला पहिला आणि चौथा घटक पुरे. चौथ्यात संभाव्यता, अनुमानशास्त्र, प्रतिगमन, लिनिअर प्रोग्रॅमिंग, रांगांची मॉडेल्स असतात. तो बहुतेकांना येतो. गाडी अडते ती पहिल्यात, रिअल ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रामध्ये. एम.एस्सी.ची वाट न पाहता ते दोन विषय आत्ताच हाती घ्यावेत.

नेटला राज्यपातळीवरचा पर्याय म्हणजे सेट. महाराष्ट्राची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. तिथे गुण कापत नाहीत, मात्र ती पात्रता देशभर चालत नाही. एम.एस्सी.ला ५५ टक्के हवेत (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सूट). पवईच्या आयआयटीत एम.एस्सी. करायची असेल तर ‘जॅम’ या प्रवेश परीक्षेचा गणितीय संख्याशास्त्राचा पेपर द्यावा लागतो. परीक्षा फेब्रुवारीत होते, पण फॉर्म आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात भरायचा असतो. निकालानंतर बघू म्हणणाऱ्यांचं वर्ष जातं.

अनुदानित कॉलेजात सहायक प्राध्यापक आहे. सेट झाली, पीएच.डी. नाही, ९ वर्षं सेवा झाली. तिघांच्या संयुक्त नावे काही शोधनिबंध आहेत. पुढची पदोन्नती कशी? – एक वाचक, दादर

२०१८ च्या यूजीसी नियमांनी हिशेब मांडू. पीएच.डी. नसताना लेव्हल १० (सहायक प्राध्यापकाची पहिली वेतनश्रेणी) वरून ११ ला ६ वर्षं, ११ वरून १२ ला ५, १२ वरून १३-ए ला ३. म्हणजे तुम्ही आज ११ वर आहात, दोन वर्षांनी १२ वर जाल आणि आणखी तीन वर्षांनी सहयोगी प्राध्यापकपदाच्या दारात उभे राहाल. त्या दारावर पीएच.डी.ची अट आहे. लेव्हल १२ चं सुरुवातीचं मूळ वेतन ७९,८०० आणि १३-ए चं १,३१,४००. सगळ्यात मोठी उडी नेमकी तिथेच आहे. तुमच्या हातात ५ वर्षं आहेत आणि पीएच.डी.ला किमान ३, कमाल ६ वर्षांची मुदत. तेव्हा नोंदणी याच वर्षी झाली पाहिजे.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या निवृत्तीची तारीख आधी विचारा, संकोच नको. ३ वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. शिवाय एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगीकडे ६, सहायककडे ४ एवढ्याच जागा असतात.

आता तिघांच्या नावांचं. दुसरीकडे थेट सहयोगी प्राध्यापक म्हणून अर्ज केलात तर पीएच.डी.बरोबर ८ वर्षांचा अनुभव, ७ निबंध आणि ७५ संशोधन गुण लागतात. इम्पॅक्ट फॅक्टर (निबंधांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला जातो तो आकडा) १ ते २ असलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला १५ गुण. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे १०.५. तीन झाले की पहिल्या किंवा करस्पॉन्डिंग (नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या) लेखकाला १०.५ आणि बाकीच्यांना ३० टक्के, म्हणजे ४.५. आपल्या विषयात नावं इंग्रजी वर्णानुक्रमे लावायची जुनी रीत आहे. त्यामुळे आपटे कायम पहिले आणि वझे कायम शेवटी. नुसत्या निबंधांवर ७५ गाठायचे तर आपट्यांना असे ८ पुरतात, वझ्यांना १७ लागतात. रीत सभ्य आहे, पण छाननी समिती ती ओळखत नाही. करस्पॉन्डिंग ऑथर कोण, हे निबंध पाठवण्याआधीच ठरवून घ्या. छापून आल्यावर ते बदलत नाही.

माझ्या चाचणीची पातळी (खरं गृहीतक चुकून नाकारण्याचं प्रमाण) ५ टक्के असायला हवी, संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये ६.१ आली. परीक्षक म्हणतात, पुरावा अपुरा. – संशोधक विद्यार्थी, कालिना

किती वेळा चालवलंत हे पत्रात नाही. १,००० वेळा असेल तर परीक्षकांचं बरोबर आहे. ०.०५ × ०.९५ ÷ १,००० याचं वर्गमूळ साधारण ०.००७, ही प्रमाण त्रुटी. दोन्ही बाजूंना तिच्या दुप्पट अंतर धरायचं. म्हणजे चाचणी निर्दोष असली तरी आकडा ३.६ ते ६.४ टक्क्यांमध्ये कुठेही पडू शकतो. तुमचे ६.१ त्यातच बसतात. १०,००० वेळा चालवा, मग हा पट्टा ४.६ ते ५.४ एवढा अरुंद होतो. तरीही ६.१ राहिले तर दोष चाचणीतच आहे, आणि तसं निबंधात लिहा. कोष्टकाखाली पुनरावृत्तींची संख्या आणि प्रमाण त्रुटी द्या, सीडही (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) नोंदवा. दोन पद्धतींची तुलना असेल तर दोन्हींना तेच नमुने द्या. वेगळे नमुने दिले की पद्धतींमधला फरक नमुन्यांच्या गोंधळात हरवतो.

संख्याशास्त्र की ऑपरेशन्स रिसर्च (ओ.आर., म्हणजे निर्णय आणि नियोजनाचं गणित)? नोकरी कशात? – एक वाचक, वसई

कॉलेजात ओ.आर.चा वेगळा विभाग सहसा नसतोच. तो संख्याशास्त्राचा किंवा बीएमएसचा एक पेपर असतो. स्वतंत्र जागा हव्या असतील तर आयआयटी मुंबईचं आयईओआर (इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्च), किंवा शेजारचं आयआयएम मुंबई, म्हणजे २०२३ पर्यंतची निटी. तिथे पीएच.डी. आणि चांगले निबंध बघतात, नेटला फारसं वजन नाही. उलट ओ.आर.चं एम.टेक. घेऊन कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या पदाला अर्ज केलात तर ‘संबंधित विषय’ या दोन शब्दांवर अडू शकतं. दोन्ही दारं उघडी ठेवायची असतील तर संख्याशास्त्रात एम.एस्सी. करा आणि ओ.आर.मध्ये पीएच.डी.