सरपंचांच्या पत्नीची फर्म आणि तुमची वाया गेलेली दोन वर्षं

सोलापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्य ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या गावचे सरपंच थेट जनतेतून निवडून आलेले आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून झालेला सिमेंट रस्ता, गटार आणि पथदिवे या तिन्ही कामांची बिलं एकाच फर्मला गेली आणि ती फर्म सरपंचांच्या पत्नीच्या नावावर आहे. ताईंनी गटविकास अधिकाऱ्यांपासून पालकमंत्र्यांपर्यंत सगळीकडे निवेदनं दिली, लोकआयुक्तांना लिहिलं, लाचलुचपत प्रतिबंधक विभागात अर्ज दिला, १५ ऑगस्टला पंचायत समितीसमोर उपोषणाला बसल्या. चौकशीचं लेखी आश्वासन मिळालं, उपोषण सुटलं, चौकशी झालीच नाही. यात दोन वर्षं गेली. आता पंचायतीची मुदत संपायला सव्वा वर्ष उरलं आहे आणि त्या विचारतात, "सत्तेचा एवढा उघड गैरवापर करूनही हा माणूस पदावर कसा राहतो?"

ताई, तो पदावर राहतो कारण त्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार ज्या अधिकाऱ्याला आहे, त्याच्यासमोर तुम्ही अजून एकही अर्ज केलेला नाही. तुमच्या पत्रासोबतची निवेदनं मी सगळी वाचली. त्यांत सतरा आरोप आहेत. सदस्य अपात्र ठरला का, हे जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवण्यासाठी ग्रामपंचायत कायद्यात कलम १६ आहे. त्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांना केलेला अर्ज मात्र त्यांत कुठेच नाही. अशी पत्रं मला विदर्भातून येतात, मराठवाड्यातून येतात, आणि जवळजवळ प्रत्येकात हीच उणीव असते. गावं पोटतिडकीनं लढतात आणि लढाई चुकीच्या दारात करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधलं कलम १४(१)(ग) काढून बघा. पंचायतीच्या आदेशानं झालेल्या कामात किंवा पंचायतीशी केलेल्या कंत्राटात ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा अथवा हितसंबंध आहे, तो सदस्य होऊ शकत नाही आणि सदस्य म्हणून राहूही शकत नाही. सरपंचालाही हे लागू आहे. तुमच्या सतरा आरोपांपैकी कलम १६ च्या अर्जात पद घालवू शकेल असा आरोप हा एकच. घरकुलाच्या यादीतली नावं, ग्रामसभा वेळेवर न घेणं, तुम्हाला बैठकीत बोलू न देणं हे सगळं खरं असेल. पण ते या अर्जात घातलंत तर मूळ मुद्दा त्याखाली बुजेल आणि सुनावणी घरकुलांवरच अडकून पडेल. अर्ज दोन-तीन पानांचा करा आणि त्यात फक्त फर्मबद्दल लिहा.

या कलमात भ्रष्टाचार सिद्ध करावा लागत नाही. रस्ता चांगला झाला, दर बाजारापेक्षा कमी होता, तीन कोटेशनं मागवली होती, मासिक सभेनं एकमतानं मंजुरी दिली, असा बचाव सरपंच करतीलच. यातलं सगळं खरं ठरलं तरी हितसंबंधाच्या प्रश्नाला ते उत्तर होत नाही. निर्णय घेणारा आणि पैसे घेणारा एकच असू नये, एवढ्यासाठीच हे कलम आहे. खासदार-आमदारांसाठीच्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम ९अ याहून सैल आहे. तिथे लोकप्रतिनिधीनं स्वतः, आपल्या व्यापाराच्या ओघात, सरकारशी केलेलं आणि अजून चालू असलेलं कंत्राट लागतं. विधिमंडळात बसणाऱ्यापेक्षा गावच्या सरपंचाला कायद्यानं जास्त बांधून ठेवलं आहे. ही असमानता मला पटत नाही, पण तुमच्या प्रकरणात ती तुमच्या बाजूची आहे.

आता पुरावा, कारण अर्ज टिकणार की पडणार ते इथे ठरेल. फर्म पत्नीच्या नावावर आहे एवढं दाखवून भागणार नाही. गोव्यातल्या एका पंचायत सदस्य महिलेच्या पतीकडे पंचायतीचं कंत्राट होतं आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं तिची अपात्रता कायम ठेवली. हा निवाडा तुम्हाला कोणीतरी दाखवेल आणि काम झालं असं सांगेल. त्या निकालाचा पाया गोव्यात लागू असलेला पोर्तुगीज नागरी कायदा आहे. त्यानुसार पतिपत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, म्हणून पतीच्या कंत्राटात पत्नीचा हिस्सा कायद्यानंच आला. आपल्याकडे तसं नाही. इथे पत्नीच्या धंद्यात पतीचा हितसंबंध आहे, हे कागदावर दाखवावं लागतं.

तो दाखवता येतो. निवडणुकीच्या उमेदवारी अर्जासोबत सरपंचांनी मालमत्तेचं शपथपत्र दिलं असेल, त्याची प्रत तहसील कार्यालयातून घ्या. पत्नीचा व्यवसाय, तिच्यावरचं कर्ज, संयुक्त खाती त्यात दिसू शकतात. फर्मचा जीएसटी क्रमांक बिलावर असतोच, तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून नोंदणी कोणाच्या नावाची आणि कोणत्या पत्त्याची आहे ते पाहा. तो पत्ता सरपंचांच्या गाळ्याचा किंवा गोदामाचा निघाला, तर त्या मिळकतीचा नमुना ८ चा, म्हणजे पंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीतला उतारा काढा. देयकं ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशेबाच्या सरकारी संकेतस्थळावर कोणत्या तारखेला, कोणाच्या नावे अदा झाली ते कोणालाही बघता येतं. त्याची छापील प्रत लावा, पण तिच्यावर विसंबू नका. माहिती अधिकारात प्रमाणकं (व्हाउचर), कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि ठरावांच्या साक्षांकित प्रती मागा. बँकेचे उतारे तुम्हाला मिळणार नाहीत. फर्मच्या खात्यातून सरपंचांच्या खात्यात पैसे गेले का, फर्मच्या कर्जाला ते जामीनदार आहेत का, हे समोर यावं म्हणून ते कागद मागवण्याची विनंती जिल्हाधिकाऱ्यांना अर्जातच करा. पैसा पत्नीच्या खात्यातून पतीकडे वळलेला दिसला तर तुमचा अर्ज भक्कम होतो. तसं काही दिसलं नाही तर निकाल काय लागेल, याची हमी मी देणार नाही.

एक पळवाट आधीच सांगून ठेवते. हेच काम मजूर सहकारी संस्थेच्या नावावर घेतलं असतं आणि सरपंच तिचे केवळ सभासद असते, तर तेवढ्यावरून ते अपात्र ठरले नसते. नोंदणीकृत सहकारी संस्थेतल्या नुसत्या हिश्श्याला कायद्यात सूट आहे. तुमच्या प्रकरणात खाजगी फर्म आहे म्हणून हा बचाव चालणार नाही. तरी बिलं नक्की कोणाच्या नावे निघाली ते तिन्ही कामांचं वेगवेगळं तपासा. काम संपलं, बिल अदा झालं, आता हितसंबंध उरला कुठे, असाही युक्तिवाद होईल. सदस्य असताना घेतलेल्या कामाला तो लागू होऊ नये असं माझं मत आहे. त्यावर वाद मात्र होणार, त्याची तयारी ठेवा.

आता वेळेचं बोलू, कारण तुमचं खरं नुकसान तिथे झालं आहे. कलम १६ खाली कोणतीही व्यक्ती अर्ज करू शकते आणि जिल्हाधिकाऱ्यांनी शक्यतो ६० दिवसांत निर्णय द्यावा असं कलमातच लिहिलं आहे. 'शक्यतो' या सवलतीचा आधार घेऊन तारखांवर तारखा पडतात. विरोधी बाजूचे वकील गैरहजर राहतात, अहवाल येत नाही, अधिकारी निवडणुकीच्या कामात असतात. निकाल तुमच्या बाजूनं लागला तरी १५ दिवसांत शासनाकडे अपील करता येतं, ते विभागीय आयुक्तांकडे किंवा अपर आयुक्तांकडे चालतं आणि तिथे बहुतेक वेळा स्थगिती मागितली जाते. त्यानंतर उच्च न्यायालय. हे सगळं होईपर्यंत पंचायतीची मुदत संपली, की अर्ज निरर्थक म्हणून निकाली निघतो. अर्ज करायला कायद्यात वेगळी मुदत नाही, पण पंचायतीची पाच वर्षं हीच खरी मुदत आहे. उपोषण आणि निवेदनांत तुम्ही त्यातली दोन घालवलीत. मला राग तुमचा येतो त्याहून जास्त त्या अधिकाऱ्यांचा येतो, ज्यांनी तुमची निवेदनं घेतली, पोच दिली आणि "हा अर्ज कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे करा" एवढं एक वाक्य सांगितलं नाही.

वर तरी वेगळं काय चालतं? २०२२ साली झारखंडचे मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांच्यावर स्वतःच्या नावे खाणपट्टा घेतल्याचा आरोप होता. प्रश्न कलम ९अ चाच होता. निवडणूक आयोगानं ऑगस्टमध्ये आपलं मत राज्यपालांकडे पाठवलं आणि राज्यपालांनी ते जाहीर केलं नाही. आरोप खरा होता की खोटा, हे त्या राज्यातल्या मतदारांना कळायला हवं होतं.

म्हणून साठ दिवस उलटले की थांबू नका. जिल्हाधिकाऱ्यांनी ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा एवढ्याच मागणीची रिट याचिका करा, असे आदेश उच्च न्यायालय देतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आहे, तेव्हा मुंबईच्या फेऱ्यांची सबब आता उरलेली नाही.

बाकीच्या दारांबद्दल थोडक्यात. लोकआयुक्त शिफारस करू शकतात, पद काढून घेऊ शकत नाहीत. लाचलुचपत विभागाचं तुम्हाला आलेलं कोरडं उत्तर समजण्यासारखं आहे. २६ जुलै २०१८ पासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला. पदाचा गैरवापर करून लाभ मिळवणं हा पूर्वीचा स्वतंत्र गुन्हा गेला, आणि अधिकारात घेतलेल्या निर्णयाच्या चौकशीसाठी कलम १७अ खाली आधी मंजुरी लागते. पैशाचा अपहार दाखवता आला तर गुन्हा होऊ शकतो, पण रस्ता प्रत्यक्षात झालेला असताना ते अवघड आहे. कलम ३९ खाली गैरवर्तनासाठी विभागीय आयुक्त सरपंचाला काढू शकतात. त्यासाठी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी केलेली चौकशी लागते आणि तुमच्याकडे तेवढा वेळ नाही. अविश्वास ठरावाला थेट सरपंचाच्या बाबतीत तीन चतुर्थांश सदस्य आणि वर ग्रामसभेची मान्यता लागते. तुमच्या पत्रावरून तेवढे सदस्य तुमच्याकडे दिसत नाहीत.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगावी लागते. तुम्ही लिहिता की मासिक सभेच्या इतिवृत्तावर विश्वासानं सह्या केल्या आणि काही वेळा पान कोरं होतं. ताई, तुम्ही निवडून आलेल्या सदस्य आहात. ज्या ठरावानं या फर्मला काम मिळालं त्याच्याखाली तुमचीच सही असेल, तर सरपंचांचा वकील पहिलं तेच पान उघडेल. पंचायतीच्या पैशाच्या गैरवापरात सामील असलेल्या सदस्यावर वैयक्तिक जबाबदारीही येऊ शकते. ठरावांच्या साक्षांकित प्रती आजच मागा, म्हणजे उरलेल्या कोऱ्या जागेत उद्या काही भरलं जाणार नाही. फर्मचा विषय पुढच्या सभेत आला तर लेखी विरोध नोंदवा आणि त्याची पोच घ्या.

आरोपाच्या भाषेलाही आवर घाला. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांचं पद परत दिलं आणि निवडून आलेल्या व्यक्तीला किरकोळ आधारावर, घाईनं काढणाऱ्या अधिकाऱ्यांना सुनावलं. तो निकाल तुमच्याविरुद्ध वाचला जाईल, आणि वाचला जावाही. लोकांनी निवडलेला माणूस कागदाशिवाय जाऊ नये. म्हणूनच मी कागदांवर एवढा भर देते आहे.

अर्ज दाखल करण्याआधी तुमची स्वतःची घरपट्टी आणि पाणीपट्टी भरा. बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य कलम १४(१)(ह) खाली अपात्र होतो, आणि तुमचा अर्ज गेल्याच्या आठवड्यात तुमच्याविरुद्ध तसा अर्ज येईल हे धरून चाला. बिल तुम्हाला रीतसर मिळालं होतं का, कधी मिळालं, सही कोणाची आहे, हे आताच पाहून ठेवा. तीन महिने आधीच उलटून गेले असतील तर अर्ज स्वतःच्या नावानं न करता गावातल्या दुसऱ्या मतदाराच्या नावानं करा. पावत्या, शपथपत्राची प्रत आणि तिन्ही कामांची प्रमाणकं हाती आली की जिल्हाधिकारी कार्यालयाच्या ग्रामपंचायत शाखेत अर्ज द्या, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घ्या आणि त्या तारखेपासून साठ दिवस मोजा.