पहिली दोन मिनिटं

लातूर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रयोगाचा आराखडा दोनदा वाचला. ग्लुकोज काढून घेतल्यावर यीस्ट प्रथिनं बनवण्याचं काम कसं आवरतं घेतं, हे बघायचं आहे. आणि पहिला नमुना घेणार अर्ध्या तासाने! अगं, तोवर सगळं होऊन गेलेलं असतं.

ग्लुकोज गेलं की एक-दोन मिनिटांतच नवं काम जवळजवळ थांबतं. एमआरएनएवर, म्हणजे जनुकाच्या संदेशाच्या प्रतीवर, माळेसारखे ओवलेले रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रं, हातातलं प्रथिन पुरं करून उतरतात, नवे चढत नाहीत. पण ते मोडीत निघत नाहीत. साखर परत दिलीस की काही मिनिटांत माळा पुन्हा ओवल्या जातात. जोमात वाढणारी पेशी मिनिटाला सुमारे २,००० नवे रायबोसोम उभे करत असते, एकेकात ७९ प्रथिनं. एवढा खर्च टंचाईत कसा झेपेल? पाऊस लांबला की आपल्याकडेही घराचं बांधकाम आधी थांबतं.

अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, कमी पडली तर तऱ्हा निराळी. तेव्हा एकूण काम मंदावतं, पण जीसीएन४ नावाचं प्रथिन उलट जास्त बनतं. त्याच्या एमआरएनएवर खऱ्या सुरुवातीच्या आधी चार छोट्या फसव्या सुरुवाती आहेत. सुबत्तेत रायबोसोम तिथेच अडकून गळतात. टंचाईत पुन्हा सुरुवात करायची तयारी व्हायला त्यांना वेळ लागतो, तेवढ्यात फसव्या जागा मागे पडतात आणि खरी जागा गाठली जाते. मग हे प्रथिन अमिनो आम्लं घरीच बनवणारी जनुकं जागी करतं. इतकी देखणी रचना मी दुसरी पाहिलेली नाही.

आता माझी चूक ऐक. संशोधनाच्या काळात मी तुलनेसाठीच्या पेशीही साध्या पाण्याने धूत होतो. म्हणजे त्यांचीही उपासमारच! तीन आठवडे दोन्हीकडे सारखाच निकाल आला आणि मी प्रयोगातल्या रसायनाला दोष देत बसलो. तू तुलनेच्या पेशी ग्लुकोज असलेल्या, ३० अंशांवर ठेवलेल्या माध्यमानेच धू. पेशी वेगळ्या करायला सेंट्रिफ्यूजपेक्षा, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रापेक्षा, गाळणकागद बरा, वेळ वाचतो. नमुने शून्य, एक, दोन, पाच आणि दहा मिनिटांना घे. घड्याळाकडे बघायला मैत्रिणीला उभी कर.

आणि लाईट जाण्याच्या वेळा बघूनच दिवस ठरव. पेशींचा फ्लास्क हलवत ठेवणारा शेकर बंद पडला तर तो फ्लास्क वापरू नकोस. बर्फ आदल्या रात्रीच लावून ठेव.

तुझा,
सर