इंटरॅक्टिव्ह आर्ट इन्स्टॉलेशनचा एचसीआय (माणूस आणि कॉम्प्युटर यांच्यातला संवाद) डिझाइनला खरंच उपयोग होतो का? सर म्हणतात, पोर्टफोलिओत टाकू नकोस.

होतो. तुमच्या सरांचं मत मला साफ अमान्य आहे. महाप्याच्या माझ्या आधीच्या ऑफिसात 'हे कलेचे लाड, प्रॉडक्टशी संबंध काय?' हे इतकं ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ठाण्यात एका हॉलमध्ये आम्ही मित्रांनी इन्स्टॉलेशन लावलं होतं. मूळ कल्पना कॅमिल अटरबॅक आणि रोमी अखिटुव या कलाकारांच्या १९९९च्या 'टेक्स्ट रेन'ची. पडद्यावर आपण दिसतो, वरून अक्षरं पडतात आणि अंगावर अडतात. कॅमेऱ्याला माणूस कळत नाही. ठरावीक मर्यादेपेक्षा गडद दिसेल त्यावर अक्षर टेकतं. आमची अक्षरं मराठी होती, काना-मात्रा न तुटता पडणारी.

पांढऱ्या साडीतल्या एक आजी आल्या. अक्षरं त्यांच्यातून सरळ खाली. शेजारच्या मुलाच्या काळ्या दप्तरावर मात्र साचत होती. आजींनी ते दोन-तीनदा निरखलं, पिशवीतून काळी छत्री काढली आणि उघडली. छत्रीवर अक्षरांचा थर जमला! मिटली की सगळी खाली, उघडली की पुन्हा जमा. मागच्या बायकांनी लगेच पर्स पुढे केल्या. भिंतीवरची सूचना कोणीही वाचली नव्हती.

लॅबमधल्या टेस्टिंगमध्ये हे दिसत नाही. तिथे एकटा माणूस खुर्चीत बसतो आणि काय करायचं ते आपणच सांगतो. लोक एकमेकांचं बघून शिकतात, हे मी ऑफिसात व्हिडिओ दाखवून सांगितलं. आमच्या टोकन देणाऱ्या मशीनचा, म्हणजे किऑस्कचा, स्क्रीन रांगेतल्या मागच्या माणसाला दिसू द्या, एवढंच मागणं होतं. उत्तर आलं, 'ट्यूटोरियल वाढवा.' ते वाढवलं, आणि लोक ते न वाचता पुढे ढकलत राहिले. मी आजही माझ्याच म्हणण्यावर ठाम आहे.

आणि हे काही नवीन नाही. अमेरिकी कलाकार मायरन क्रूगर यांनी १९७०च्या दशकात 'व्हिडिओप्लेस'मध्ये अंगावर काहीही न चढवता, नुसत्या शरीराच्या हालचालींनी कॉम्प्युटरशी खेळता येतं हे दाखवलं. घराघरात किनेक्ट, म्हणजे अंगाच्या हालचाली टिपणारा मायक्रोसॉफ्टचा गेमिंग कॅमेरा, आला २०१०मध्ये.

हां, प्रदर्शनात आलेल्या माणसाकडे वेळ असतो. वीजबिल भरणाऱ्याकडे नसतो, त्याला असं कोडं घालू नका.

पोर्टफोलिओत टाकाच. पण नुसते देखणे फोटो नकोत. लोक कुठे अडले आणि मग त्यांनी काय केलं, त्याचा व्हिडिओ टाका. चेहरे दिसत असतील तर आधी परवानगी घ्या.