‘गं. भा.’, ‘सौ.’ आणि ‘श्रीमती’: बाईच्या नावाआधी काय लिहायचं?

एका वाचक भगिनीने विचारलं आहे: “मुलाच्या मुंजीची पत्रिका छापायला दिली. कच्ची प्रत आली, त्यात सासूबाईंच्या नावाआधी ‘गं. भा.’ होतं. मी ते काढून ‘श्रीमती’ करायला सांगितलं. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, श्रीमती म्हणजे तरी वेगळं काय, तेही विधवेलाच लावतात. चुलत सासरे म्हणाले, गं. भा. हा मान आहे, काढू नका. यातलं बरोबर कोणाचं?”

आधी उत्तर सांगते, मग कारणं. ‘श्रीमती’ लिहा. जाऊबाई म्हणतात ती आपल्याकडची रूढी आहे, शब्दाचा अर्थ नाही. चुलत सासऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यातच खरी अडचण आहे.

गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी. गंगा आणि भागीरथी ही एकाच नदीची नावं. जुन्या मराठी पत्रांच्या मायन्यात नवरा हयात असलेल्या स्त्रीला ‘सौभाग्यवती वज्रचुडेमंडित’ लिहायचे आणि विधवेला गंगाभागीरथी. ‘गंगेसारखी पवित्र’ हा त्यातला भाव. चुलत सासरे मान म्हणतात तो हा. पण तो मान त्या बाईला नव्हता, तिने पाळायच्या व्रताला होता. केस काढायचे, आलवण (विधवेचं तांबडं लुगडं) नेसायचं, एकवेळ जेवायचं, मंगलकार्यात पुढे यायचं नाही. हे सगळं निमूट पाळलं तर ती गंगा. आणि कागदावर गंगाभागीरथी लिहिणाऱ्या त्याच घरांत तोंडी शब्द कोणते होते? बोडकी, रांड. ‘रांड’ या एकाच शब्दात विधवा आणि वेश्या दोन्ही अर्थ मावतात, आणि आजही तो शिवी म्हणून सर्रास वापरला जातो. एक शब्द लिहायचा आणि दुसरा बोलायचा, अशी ही जोडी होती. लिहायचा शब्द वाचून मन भरून येतं खरं, पण बोलायचा शब्द विसरून त्याचा अर्थ लावता येत नाही.

आता ‘विधवा’ हा शब्दच पाहू. ‘धव म्हणजे नवरा, तो गेलेली ती विधवा’ अशी फोड आपण शाळेत शिकतो. यास्काच्या ‘निरुक्त’ या शब्दांची फोड सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथातही ती एक व्युत्पत्ती म्हणून दिली आहे. पण भाषाशास्त्र सांगतं ते उलट आहे. ‘विधवा’ हा शब्द फार जुना, वेगळं पडणं, उणं होणं अशा अर्थाच्या मुळापासून आलेला. लॅटिनमधला ‘विदुआ’, इंग्रजीतला ‘विडो’, रशियनमधला ‘व्दोवा’, फारसीतून हिंदी-उर्दूत आलेला ‘बेवा’ ही सगळी त्याचीच भावंडं. ‘वि’ हा उपसर्ग आहे असं समजून नंतर त्यातून ‘धव’ वेगळा काढला गेला आणि मग त्यावरून ‘सधवा’ घडवला गेला. म्हणजे नवऱ्यासाठीचा ‘धव’ हा शब्द विधवेच्या पोटातून जन्माला आला!

मराठीत याहून बोलकं उदाहरण आहे. ‘अहेव’ हा शब्द जुन्या बायकांच्या तोंडी असे. अहेव मरण, अहेव लेणं, पितृपक्षातली अहेव नवमी. अहेव म्हणजे सवाष्ण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो आलाय ‘अविधवा’वरून, जो ऋग्वेदातही आहे. अविधवा, म्हणजे विधवा नसलेली. नवऱ्याबरोबर सुखाने नांदणाऱ्या बाईचं वर्णनही ‘अजून विधवा न झालेली’ असंच. मला तरी वाटतं, आपल्या सगळ्या उपाध्यांचं मूळ या शब्दात दिसतं. बाईच्या नावाआधी काय लागेल हे एकाच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं: नवरा आहे का?

‘सौ.’चंही तेच झालं. ‘सुभग’ म्हणजे भाग्यवान, त्यावरून सौभाग्य. लग्नात आजही म्हटल्या जाणाऱ्या ‘गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्’ या ऋचेत सौभगत्व म्हणजे भाग्य, भरभराट. मराठीत येता येता त्याचा अर्थ आकसून ‘नवरा हयात असणं’ एवढाच उरला. पुरुषाच्या नावाआधी असं काही नाही. लहान मुलगा ‘कु.’ असतो आणि वय वाढलं की ‘श्री.’ होतो. मुलीचं ‘कु.’ मात्र वयाने बदलत नाही, लग्नाने बदलतं. विधुर, बिजवर हे शब्द मराठीत आहेत, पण पत्रिकेत कोणाच्या नावाआधी ते छापलेले पाहिलेत का? बायको असो, नसो, दुसरी असो, ते आपले श्री.

‘श्रीमती’ हे ‘श्रीमत्’चं स्त्रीलिंगी रूप. त्यात नवऱ्याचा काही संबंध नाही. ‘श्री.’ला जो अर्थ, तोच याला. हिंदीत ते विवाहितेला लावतात, म्हणून हिंदी निवेदक आपल्याकडच्या विवाहित पाहुणीला श्रीमती म्हणतो आणि पहिल्या रांगेतल्या एखाद्या काकू चपापतात. मराठीत सवाष्णीला ‘सौ.’ राखीव झालं, म्हणून उरलेल्यांकडे श्रीमती गेलं आणि त्याला तो रंग चढला. सरकारी कचेऱ्यांत मात्र सगळ्याच स्त्रियांना श्रीमती लिहितात, आणि तिथे कोणी चपापत नाही.

शब्द बदलण्याची ही धडपड नवी नाही, आणि ती कधी नुसती शब्दांची नव्हती. १८५६ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, कारण फसवल्या गेलेल्या विधवांपुढे मूल मारणं किंवा जीव देणं याखेरीज वाट उरत नसे. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर तोंडसुख सुरू झालं, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून जाब विचारला. १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने विधवांचं केशवपन करायला नकार दिला.

पण शब्दांत रस असणाऱ्याने थांबून पाहावं असं उदाहरण धोंडो केशव कर्व्यांचं आहे. त्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, लग्न केलं. गोदूबाई विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. या लग्नापायी मुरुडच्या, म्हणजे त्यांच्या गावच्या, लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार टाकला. त्याच वर्षी ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ निघाली. दोनच वर्षांत, १८९५ मध्ये, तिचं नाव बदललं: ‘विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी’. जीभ अडखळते, पण फरक केवढा आहे पाहा. ‘उत्तेजक’मध्ये कोणीतरी विधवेला लग्नाला प्रवृत्त करतंय असा अर्थ निघतो. ‘प्रतिबंधनिवारक’ म्हणजे करायचं की नाही ते तिचं ती ठरवेल, आम्ही फक्त वाटेतली आडकाठी काढतो. इतका नेमका नामबदल मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आणि काही जणींनी नावाआधीचा प्रश्नच निकालात काढला. रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्यात ‘पंडिता’ पदवी मिळाली. १८८० मध्ये लग्न झालं, १८८२ मध्ये पती गेले, पण त्यांच्या नावाआधी सौ. किंवा गं. भा. लावायचं कोणाच्या मनातही येत नाही. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावलेलं. त्यांनी ते मानलं नाही, तेव्हा १८८७ साली कोर्टाने सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगाला तयार झाल्या. पुढे लंडनला शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या नावाआधी रूढीप्रमाणे काय लिहायचं यावर लोक भांडत बसले असते. आज आपण ‘डॉ. रखमाबाई’ एवढंच लिहितो.

एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरण्याबाबत प्रस्ताव मागवला होता. त्यावर टीका झाली, आणि ती रास्तच होती. त्याच्या वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा बाईला नवं नाव दिलं नव्हतं, तिच्याशी वागायची रीत बदलली होती. कार्यकर्त्यांमध्ये रुळलेला ‘एकल महिला’ हा शब्द मला बरा वाटतो. त्यात विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, अविवाहित सगळ्या येतात. पण तो अर्जात आणि अहवालात शोभतो, पत्रिकेत नाही. बाहेरही हे प्रश्न याच वाटेने सुटले: जर्मनीने १९७२ मध्ये आणि फ्रान्सने २०१२ मध्ये अविवाहितेसाठीची वेगळी उपाधी सरकारी कागदांतून काढून टाकली आणि सगळ्या स्त्रियांना एकच ठेवली.

तेव्हा ताई, तुमच्या पत्रिकेत एक काळजी घ्या. सासूबाईंच्या नावाआधी श्रीमती आणि तुमच्या, जाऊबाईंच्या नावाआधी सौ. असं छापलंत, तर श्रीमती पुन्हा गं. भा.च्याच अर्थाने वाचलं जाईल आणि जाऊबाई बरोबर ठरतील. सगळ्याच बायकांना श्रीमती लावा, तुम्हाला स्वतःलासुद्धा. किंवा कोणालाच काही लावू नका, पुरुषांचे ‘श्री.’ही काढा, नुसती नावं छापा. आणि कच्ची प्रत छापखान्यात परत जाण्याआधी सासूबाईंना दाखवा. तुमच्या पत्रात जाऊबाईंचं मत आहे, चुलत सासऱ्यांचं आहे, त्यांचं तेवढं राहिलं आहे.