पाच किलोवॅट नको, दोन पुरे

सिडकोतल्या एका ताईंचा प्रश्न आहे: 2 लाखांच्या एफडीची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. मुलगा म्हणतो, त्यात 1 लाखाचं कर्ज घालून रो-हाऊसच्या गच्चीवर 3 लाखांचं 5 किलोवॅटचं सोलर बसवू, उरलेली वीज महावितरणला विकू. दुसरं कोटेशन 2 किलोवॅटचं, 1 लाख 30 हजारांचं. वापर महिन्याला सरासरी 250 युनिट, बिल 2,600 रुपये.

ताई, सोलर बसवाच, पण 2 किलोवॅटचं. आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी 4 युनिट देतं, म्हणजे दोनाचे महिन्याला 240. तुमची गरज जवळपास तिथेच भागते. पाच किलोवॅटचे 600 युनिट होतील. जास्तीचे युनिट नेट मीटरवर (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरवर) पुढच्या महिन्यांत वळते होतात, पण मार्चअखेर जे उरतील त्यांना मिळणारा दर तुम्ही भरता त्या मानाने फार कमी असतो. ‘विकू’ या एका शब्दावर कर्ज काढू नका.

अनुदानाचंही तेच. पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटला 60 हजार मिळतात. 3 असो की 5, 78 हजारच. म्हणजे पदरचे जाणार एकीकडे 70 हजार, दुसरीकडे 2 लाख 22 हजार. 70 हजारांवर सात टक्क्यांनी वर्षाला 4,900 व्याज सुटलं असतं. इथे बिलातला ठरलेला स्थिर आकार भरूनही 24 हजारांच्या आसपास वाचतील. मात्र अनुदान सोलर बसल्यावर खात्यात येतं, आधी पूर्ण रक्कम मोजावी लागते. ते आलं की पुन्हा एफडीत टाका. आणि बिलात वाचलेल्यातून महिना 500 ची आरडी उघडा, कारण पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर आठ-दहा वर्षांत बदलावा लागतो.

गिझर रोज पाऊण तास चालतो, हे वाचून जीव हळहळला. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या उष्णतेतली जेमतेम एक तृतीयांश वीज होऊन बाहेर पडते, आणि तिने आपण पुन्हा पाणीच तापवतो! पॅनेलसुद्धा उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा पकडतं. पाण्याचा सोलर हीटर निम्म्याहून जास्त. गच्ची उरतेय, तर पुढच्या वर्षी तो घ्या.

शेजारच्या नारळाची सावली दुपारी तीननंतर येते म्हणता. एका पॅनेलवर सावली पडली की त्याच ओळीतल्या बाकीच्यांचीही वीज घटू शकते. सही करण्याआधी एका रविवारी दर तासाला सावलीच्या कडेने खडूची रेघ मारा. डिसेंबरात ती आणखी लांबते, तेवढी जागा सोडूनच पॅनेल लावायला सांगा.